सायकल शिकू पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वयाच्या ४५ व्या वर्षी सायकल शिकायची इच्छा तू क्षमा मागितल्यासारखी कळवली आहेस. मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर शिकलो, हे तुला ठाऊक असूनही!

गिअर किती असावेत, असे तू विचारतोस. मी म्हणेन, आधी सायकलीची उंची पाहा. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभा राहा. दांडा आणि तुझे शरीर यांत तीनएक सेंटिमीटर जागा उरत नसेल, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी घेऊ नकोस. शर्यतीच्या सायकलीचे खाली वळलेले हँडल नवख्याला फार वाकवते आणि डोंगरी सायकलीचे जाड, खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर विनाकारण दमवतात. म्हणून सरळ हँडलची, ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायरांची हायब्रिड (म्हणजे या दोन प्रकारांच्या मधली) सायकल तुला सोयीची पडेल, असे मला वाटते.

आता तोलाविषयी. १८१७ साली जर्मन संशोधक कार्ल फॉन ड्राइस यांनी बनवलेल्या दुचाकीला पेडल नव्हतीच. स्वार पायांनी जमीन रेटत पुढे जात असे. तूही सुरुवात तशीच कर. दोन्ही पेडल काढून ठेव (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते, हे माहीत नसल्याने मी पाना धरून अर्धा तास घाम गाळला होता), तळवे जमिनीवर सपाट टेकतील इतकी सीट खाली घे आणि मोकळ्या जागी हलक्या उतारावर पाय उचलून सायकल सोडून दे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचे, हे मनाला पटण्याआधी हातांना कळते. मागून सीट धरून धावणारा मदतनीस मात्र नको, कारण मग तोल तोच सांभाळतो.

माझी खरी चूक त्यानंतर झाली. पेडल बसवल्यावरही पडण्याच्या भीतीने मी सीट दोन महिने तशीच खाली ठेवली आणि गुडघे दुखू लागले तेव्हा वयाला दोष दिला. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक आपोआप उरतो. अशा उंचीवर बसल्या जागी पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, म्हणून थांबताना सीटवरून पुढे सरकून एक पाय खाली टेकण्याची सवय तुला लावून घ्यावी लागेल. सीट मात्र एकदम न चढवता दर खेपेला बोटभरच वर घे.

ब्रेक दोन्ही एकत्र दाब. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे पुढचाच ब्रेक अधिक काम करतो. पण तो हळूहळू आवळायचा, झटक्याने नव्हे. चढ लागण्याआधीच हलक्या, म्हणजे पेडल सहज फिरेल अशा गिअरवर ये. टायरमध्ये किती हवा भरावी, हे टायरच्या कडेवर छापलेले असते.

आणि हो, पेडल परत बसवताना डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नकोस, नाहीतर आटे खराब होतील. बहुतेक पेडलांवर बाजू दाखवणारे अक्षर कोरलेले असते, ते आधी शोध.

तुझा मित्र