ॲडमिट झाल्याशिवाय मोफत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची कार्डं काढून देण्याची शिबिरं आमच्या भागात अधूनमधून भरतात. मंडप, फलक, अंगठ्याचे ठसे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची घोषणा. कार्ड हातात पडलं की बायका घरी जाताना माझ्या दुकानाशी थांबतात आणि विचारतात, "अण्णा, ह्या कार्डावर शुगरच्या गोळ्या मिळत्यात का हो?" मी नाही म्हणतो. कार्ड पिशवीत जातं आणि बटव्यातून पैसे निघतात.

अक्कलकोट रोडच्या बाजूला माझं लहानसं मेडिकल आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं आणि विडीचं. रोज संध्याकाळी काउंटरवर जे चालतं ते मंत्रालयात बसून कुणाला दिसत नसावं, म्हणून हे पत्र. राज्याची योजना आजाराकडे पाहतच नाही, ती दवाखान्यातल्या उपचाराकडे पाहते. आणि जे आजार जन्मभर सोबत राहतात, त्यांचा खरा खर्च दवाखान्यात होत नाही. तो माझ्यासारख्यांच्या काउंटरवर, महिन्याच्या महिन्याला होतो.

पट्टी पुरी घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे कमी. "पाचच द्या की, शनिवारी पगार हाय" हे रोजचं. मग कात्रीनं पट्टी कापायची. कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेलं टोक आपल्याकडं ठेवायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. त्यामुळं गिऱ्हाइकाच्या हातात जातात त्या नुसत्या पाच चकचकीत गोळ्या, त्यावर तारीख नाही की धड नाव नाही. घरी त्या सासूच्या बीपीच्या गोळ्यांत मिसळतात. शुगरची आणि बीपीची गोळी एक दिवस आड घेणारी माणसं मी नावानिशी सांगू शकतो. फिटची गोळी एक दिवस आड घेणारा तर चालत्या मागापाशी उभा राहतो. फिटच्या औषधात खंड पडला की झटका येऊ शकतो, हे मी त्याला चिठ्ठी वाचून दाखवून सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

इन्शुलिनची बाटली कापता येत नाही, मग लोक डोस कापतात. वीस युनिट लिहिलेलं असतं, बारा टोचतात. आमचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या खोलीत फ्रिज नाही. काहीजण बाटली पिशवीत घालून पाण्याच्या माठात सोडतात, काहीजण ती माझ्याच दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवून जातात. चिकटपट्टीवर नाव लिहून ओळीनं लावलेल्या अशा बाटल्या उन्हाळ्यात माझ्याकडं बऱ्याच असतात. सकाळी कामावर जाताना यायचं, टोचून घ्यायचं, संध्याकाळी पुन्हा. मी त्याचे पैसे घेत नाही, पण ही सोय करणं हे खरं तर कुणाचं काम होतं?

आता योजनेबद्दल. मी तिच्या विरोधात नाही, उलट अभिमान आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. तेव्हा ९७१ उपचार आणि दीड लाखाची मर्यादा होती. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली. २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा पाच लाखांवर नेली, उपचारांची संख्या १३५६ केली, आणि पिवळ्या-केशरीच नव्हे तर पांढऱ्या रेशनकार्डालाही दार उघडलं. बायपास, अँजिओप्लास्टी, केमो, डायलिसिस हे सगळं त्यात बसतं. आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं त्यामुळं शेत-घर न विकता जगली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

पण त्या यादीचा प्रत्येक नंबर हा एक उपचार आहे. सुट्टी झाल्यावर औषधं मिळतात ती दहा-पंधरा दिवसांची. काही निवडक उपचारांपुरती पुढच्या तपासण्यांची पॅकेजं आहेत, ती सोडली तर पुढं तुम्ही आणि तुमचा मेडिकलवाला. स्टेंट बसवला की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या नियमानं घ्याव्या लागतात. मनानं बंद केल्या तर त्याच स्टेंटमध्ये गाठ धरू शकते. म्हणजे सरकार स्टेंटचा खर्च करतं आणि स्टेंट राखणारी गोळी पेशंटच्या नशिबावर सोडतं. किडनीचं तर याहून उलटं. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं मोकाट राहिली की किडनी जाते, हे आता चहाच्या टपरीवरही माहीत आहे. त्या वर्षांत कार्डाचा काडीचा उपयोग नाही. किडनी गेली, माणूस डायलिसिसच्या मशीनला लागला, की कार्ड लगेच चालतं. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. नळ गळतोय तोवर वायसर बसवायचा नाही आणि घर बुडालं की बोट पाठवायची, असला हा कारभार.

कुणी म्हणेल, सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट असतात की. असतात. तिशीनंतरची तपासणी होते, आशाताई घरोघरी फिरतात, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलंच झालं. पण विडीची मजुरी हजारावर असते. सकाळ रांगेत गेली तर तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. त्यात गोळी संपलेली असली की "पुढच्या आठवड्यात या." शिवाय तिथं मिळतात ती ठरावीक साधी औषधं. मोठ्या डॉक्टरानं लिहिलेली फिटची, कंपवाताची, मानसिक आजाराची गोळी पुन्हा आमच्याकडंच घ्यावी लागते.

यावर पहिला प्रश्न येतो, आजार बघून सगळा खर्च उचलणं भारतात जमणार कसं? मला त्याचं हसू येतं, कारण ते इथं आधीपासून जमलेलं आहे. एचआयव्हीची औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकार मोफत देतं. त्या गोळ्या मागायला माझ्याकडं कुणी येत नाही, सगळे एआरटी सेंटरला, म्हणजे सरकारच्या एचआयव्ही उपचार केंद्राला जातात. टीबीचंही तेच. टीबीची औषधं विकली तर आम्हाला वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं. माझ्या त्या रजिस्टरात नोंद क्वचितच पडते, कारण गोळ्या सरकारकडूनच मिळतात, वर पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. कुष्ठरोगाची औषधंही मोफत. या तिन्ही आजारांत सरकारनं पेशंटला "ॲडमिट झालात का?" असं कधी विचारलेलं नाही.

आणि दीर्घ आजारांच्या याद्याही सरकारदरबारी आहेत. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची यादी ३४ आजारांची आहे. त्यातला आजार झाला आणि सेवेच्या अटी पुऱ्या असल्या तर ऐंशी टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण त्यासाठी नाव हजेरीपटावर हवं, आणि आमच्या किती मागवाल्यांचं ते असतं हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. राज्य कर्मचाऱ्यांसाठी २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी २००५ पासून आहे. आयकरातसुद्धा कॅन्सर, किडनी निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, कंपवात अशा आजारांच्या खर्चावर सूट देणारी यादी आहे. म्हणजे ज्याला पगार आहे त्याला यादी, ज्याला कर भरण्याइतकं उत्पन्न आहे त्यालाही यादी. विडी वळणाऱ्या बाईला कर लागत नाही, मग सूट कशावर घ्यायची तिनं?

याबाबत फ्रान्सचं उदाहरण मला घरातूनच कळलं. माझी पुतणी नवऱ्याच्या नोकरीमुळं तिकडं असते. तिला लहानपणापासून इन्शुलिनवरची शुगर आहे. गेल्या खेपेला आली तेव्हा तिची तिकडची चिठ्ठी मी धंद्याच्या नजरेनं उलटसुलट पाहिली. कागद आडव्या रेघेनं दोन भागांत विभागलेला. वरच्या भागात तिच्या दीर्घ आजाराशी संबंधित तेवढंच: इन्शुलिन, सुया, शुगर तपासायचं सामान. ते शंभर टक्के सरकारी विम्यातून. खालच्या भागात सर्दी-खोकला, त्याला विम्याचा नेहमीचा दर, म्हणजे काही वाटा पेशंटचा. दुकानदारानं चिठ्ठी पाहिली की कुणाकडून काय घ्यायचं हे तिथल्या तिथं कळतं. इतकी साधी युक्ती पाहून मला हेवा वाटला, खरं सांगतो.

त्यामागची पद्धत अशी. तिकडं १९४५ साली सामाजिक सुरक्षा उभी राहिली तेव्हापासूनच दीर्घ आजारांना वेगळी वागणूक आहे, आणि १९८६ मध्ये तीस आजारांची यादी ठरली. मधुमेह, हृदय निकामी होणं, किडनीचा जुनाट आजार, कॅन्सर, कंपवात (पार्किन्सन), दीर्घकाळचे मानसिक आजार, सिकलसेल, एचआयव्ही, टीबी. कुष्ठरोगसुद्धा तीत आहे. पेशंटचा नेहमीचा डॉक्टर उपचारांचा आराखडा लिहितो, विम्याचा वैद्यकीय अधिकारी त्याला मान्यता देतो, आणि मग त्या आजाराची औषधं, तपासण्या, डॉक्टर यांत पेशंटचा वाटा माफ होतो. यादीबाहेरचा पण तितकाच गंभीर आणि खर्चिक आजार असेल तर त्यालाही वाट ठेवली आहे. आज सव्वा कोटीहून जास्त लोक यात आहेत.

तिथंही सगळं आलबेल नाही. शंभर टक्के म्हणजे सरकारी दराचे शंभर टक्के. डॉक्टरानं वर जास्त घेतले तर ते पेशंटच्या खिशातून. २०२४ पासून औषधाच्या प्रत्येक खोक्यामागं एक युरो आणि डॉक्टरच्या भेटीमागं दोन युरो कापले जातात, त्याला वर्षाची मर्यादा आहे. २०११ मध्ये तीव्र उच्चरक्तदाब यादीतून वगळला गेला, तेही मला पटलेलं नाही. श्रीमंत देशालाही हा भार जड जातो, हे कबूल. म्हणून तर मी आख्खी यादी एकदम मागत नाही.

सुरुवात थोड्या आजारांपासून करता येईल. इन्शुलिनवरची मुलं आणि मोठी माणसं, मिरगी, किडनीचा आजार (मशीनला लागण्याआधीचा सुद्धा), स्टेंट-बायपास झालेले, पक्षाघात झालेले, गंभीर मानसिक आजार. हे मी पुस्तक वाचून लिहीत नाही, माझ्या उधारीच्या वहीत ज्यांची पानं सर्वांत मोठी आहेत त्यांची ही नावं आहेत. निदान सरकारी डॉक्टरानं करावं, वर्षाला एकदा पुन्हा तपासावं. कार्ड तेच, फक्त त्यावर आजाराची नोंद हवी. औषधं जेनेरिक द्या, कुणाची हरकत नाही. बीपीची साधी गोळी जनऔषधी केंद्रात रुपयाच्या आतबाहेर पडते. खर्च गोळीचा नाही एवढा तपासण्यांचा आहे, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची आणि किडनीची क्रिएटिनिन तपासणी त्यात धरल्याशिवाय योजना लंगडीच राहील.

वाटप सरकारी केंद्रातूनच करायचं ठरलं तर संध्याकाळी सात ते नऊ खिडकी उघडी ठेवा. विडी आणि माग दोन्ही तेव्हाच सुटतात. आणि केंद्राला जमत नसेल तर आमच्यासारख्या दुकानांतून द्या. यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल. हिशेब उलटा आहे, आज मी पट्टीवर कमावतो, उद्या ठरावीक दरावर वाटणावळ मिळाली तर कमीच मिळेल. पण कापलेल्या पट्ट्यांचा धंदा करून पोट भरतं, मन भरत नाही.

२०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात सोलापूर घेतलं होतं, ते काही उगाच नसावं. दीर्घ आजारांच्या औषधांचा प्रयोग करायचा असेल तर पुन्हा इथूनच करा: एक तालुका, नाहीतर नुसती विडी घरकुलाची वस्ती, एक वर्ष. ॲडमिट होणाऱ्यांचा आकडा योजनेच्या संगणकात आहेच, तो आधीच्या वर्षाशी ताडून पाहता येईल. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी एवढा एक प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा. केमिस्ट मंडळींना बैठकीला बोलावलंत तर आम्ही येऊ. दुपारी तीनला ठेवा, तेव्हा दुकानात गर्दी नसते.

आपला,
एक औषध विक्रेता, अक्कलकोट रोड, सोलापूर

(नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं रोज दुकानात येतात.)