शेंद्र्याच्या शेडमधल्या मंडळींचे आभार

नावं कुणीच सांगितली नाहीत, म्हणून हे असे जाहीर आभार.

इटालियन गाड्या वापरणाऱ्यांच्या क्लबची वर्कशॉप नाईट, म्हणजे सगळ्यांनी जमून आपापल्या गाड्यांची कामं करायची रात्र, शेंद्रा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये होती. जालन्याहून निघालो, सोबत आई. करमाडच्या अलीकडे माझी फियाट पुंटो बंद पडली. पुंटोचं उत्पादन थांबून वर्षं झाली, त्यामुळे रस्त्यावरचे मेकॅनिक बॉनेट उघडूनच मान हलवतात. क्लबला फोन केला, तर दोघं जण दोरी घेऊन आले आणि गाडी ओढत शेडमध्ये नेली.

तिथं एक चष्मेवाले काका गाडीखाली शिरले. उंदरानं क्रँक सेन्सरची (इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर कुरतडली होती. काकांनी नुसती टेप गुंडाळली नाही. स्लीव्ह (आचेनं आवळणारी नळी) आधी ओवली, दोन्ही टोकं सोलून सोल्डर मारला, मग लायटरच्या आचेवर स्लीव्ह आवळली. “टेप उन्हाळ्यात सुटते हो,” म्हणाले. (आणि उन्हाळा आपला!) त्यांच्या स्वतःच्या फियाट लिनियाचं ऑइल बदलायचं मात्र राहून गेलं.

तोवर एका ताईंनी आईला आपल्या डब्यातली भाकरी अन् ठेचा वाढला. पैसे कुणी घेतले नाहीत. काका, पुढच्या नाईटला तुमचं ऑइल अन् फिल्टर माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.