नानांच्या तोंडाबद्दल

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर हे धड बोलून होत नाही, म्हणून सावकाश लिहितोय. नानांच्या जिभेवर आणि टाळूला दह्यासारखा पांढरा थर येतो, पुसला की खाली लालबुंद दिसतं, असं लिहिलंस. नेहमीचं तोंड येतं तेव्हा व्रण असा पुसून निघत नाही. ही बुरशी असावी, कॅन्डिडा नावाची. ती कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात गपचूप असतेच, डोकं वर काढायला तिला निमित्त लागतं.

नानांकडे अशी निमित्तं एक सोडून तीन आहेत. दम्याचा पंप स्टेरॉइडचा आहे ना? तो ओढल्यावर चूळ भरून, खळखळून थुंकायचं, दर वेळी. औषध तोंडात राहिलं की बुरशीचं फावतं. दुसरी कवळी. रात्रभर ती तोंडातच असते, हे वहिनींनीच मागे सांगितलं होतं. झोपताना काढायची, ब्रशने घासायची, पाण्यात ठेवायची. बुरशी कवळीच्या प्लास्टिकलाही चिकटून बसते, त्यामुळे तोंड बरं झालं तरी सकाळी कवळीवरून पुन्हा लागण होते. आणि तिसरं, मागच्या महिन्यात छातीत कफ झाला तेव्हा दिलेली अँटिबायोटिकं. रक्तातली साखरही एकदा बघून घे.

आता पाल्याचं. जाईची पानं चघळायला लावलीस ते ठीक आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक तोंड आल्यावर तेच करत आलेत. त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्यांनाही माझी ना नाही. तुरट रसाने तोंडाला बरं वाटतं. पण नानांना लवंगेचं तेल नुसतं लावू नकोस. त्यातल्या युजेनॉल या घटकाने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी मरते हे खरं. तोंडात मात्र लाळ ते मिनिटभरात धुऊन नेते, आणि आधीच सोललेल्या टाळूला भाजल्यासारखं होतं ते वेगळंच.

माझी पसंती डाळिंबाच्या सालीला, कारण तिची माणसांवर परीक्षा झालीय. २००३ साली ब्राझीलच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. कवळीमुळे टाळूला बुरशी झालेले ६० जण, निम्म्यांना मायकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा जेल, निम्म्यांना डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा. चांगला किंवा बऱ्यापैकी गुण आला तो औषधाच्या गटात २७ जणांना, डाळिंबाच्या गटात २१ जणांना. म्हणजे झाड अगदीच टाकाऊ नाही, पण औषधाला मागे टाकतं असंही नाही. शिवाय तो मोजूनमापून केलेला जेल होता, आपण घरी उकळतो तो काढा नव्हे. सुकी साल उकळून, गाळून, कोमट गुळण्या कर म्हणावं, पण डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीला. बदली म्हणून नको.

काकूंनी मधात टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही सुचवली, ती मात्र ठामपणे नाही म्हण. टाकणखार पोटात जाणं चांगलं नाही. ताईच्या बाळालाही तोंडात पांढरं झालंय म्हणतोस, तिथे तर मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाला बालरोगतज्ज्ञांकडेच ने.

नानांसाठी बहुधा क्लोट्रिमॅझोलचं, म्हणजे बुरशीवरचं, तोंडात लावायचं औषध मिळेल. नाना रक्त पातळ करायची वॉरफरीनसारखी गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांग. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळीने किंवा मायकोनॅझोलच्या जेलनेही वॉरफरीनचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गिळताना छातीत दुखायला लागलं तर काढेबिढे बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखव. बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते.

वहिनींना नमस्कार, नानांना सा. न. साखरेचा आकडा आला की कळव.

तुझा,
श्रीधर