माननीय संरक्षणमंत्री, आठ खाटांबद्दल लिहितो आहे

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस

स. न. वि. वि.

माझा पत्ताच फौजी आहे: कंपू, लष्कर, ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याखाली पडला तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले आणि तळाचे शहर झाले, ते लष्कर. महादजींच्या कवायती पलटणींच्या दळांना आपल्या जुन्या दफ्तरांत कंपू म्हणत. मीही १९८६ ला भरती होऊन २०१४ ला सुभेदार म्हणून घरी आलो. आता पहाटे साडेपाचला शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन मैदानावर उभा असतो. ग्वाल्हेर, भिंड, मुरैनाकडची पोरं भरतीसाठी धावतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की साठ गुण, बीमवर दहा पुलअप काढले की चाळीस. फी घेत नाही. निवड झाल्यावर कुणी पेढे आणतो, ते मात्र सोडत नाही.

मागच्या महिन्यात माझा भाचा रजेवर आला होता. अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला, तिसरे वर्ष चालू. संध्याकाळी गच्चीवर बूट पॉलिश करत बसला होता. सहज विचारले, बरॅकीत किती जण आहात?

"आठ खाटा आहेत, मामा. म्हणजे दोन."

मला क्षणभर कळलेच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षांनंतर शंभरातले पंचवीस राहणार, म्हणजे आठातले दोन. लाइट बंद झाली की सगळे हेच मोजत पडलेले असतात, म्हणाला. तेही 'पंचवीस टक्क्यांपर्यंत' असे शब्द आहेत. तो 'पर्यंत' पोरांना फार छळतो.

पुढे बोलता बोलता त्याच्या बडीचा, म्हणजे जोडीदाराचा विषय निघाला. शेजारच्या खाटेवरचा, एटाकडचा पोरगा. धावायला घोडा, पण नकाशावाचनात कच्चा. माझ्या भाच्याला नकाशा चांगला येतो, मीच शिकवला आहे. म्हटले, मग शिकवलेस की नाही त्याला? तो बुटावरून मान वर न करता म्हणाला, "परीक्षा होऊन जाऊ दे, मग शिकवीन."

साहेब, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

पोरगा वाईट नाही. लहानपणी अर्धी पोळी कुत्र्याला घालणारा पोरगा आहे. त्याला तसे बोलायला लावले ते गणिताने. शेजारच्या खाटेवरचा सुधारला की आपली जागा जाते, हे त्याला दिसते आहे. आणि अंधारात, बर्फात, नकाशा चुकल्यावर त्याला त्याच शेजाऱ्याच्या भरवशावर चालायचे आहे.

माझा पहिला सेक्शन कमांडर एक गढवाली हवालदार होता. वीस-बावीस किलोमीटर चालून आलो की आम्ही मगे घेऊन लंगरकडे पळायचो आणि तो टॉर्च घेऊन दारात आडवा. "मोजे उतारो." एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बघायचा. फोड दिसला की सुई मेणबत्तीवर धरायची, दोरा फोडातून आरपार ओवायचा, पाणी निघून जायचे, कातडी जागेवर राहायची. दहा जणांचे पाय झाले की मग स्वतः जेवायला जायचा. बऱ्याचदा डाळ संपलेली असायची. त्याच्या कुठल्याही रिपोर्टात याला रकाना नव्हता. त्याची नोकरी तेव्हा बारा-तेरा वर्षांची झाली असेल. आम्ही तरबेज झालो तर त्याचे काहीच जाणार नव्हते, उलट सेक्शनचे नाव होणार होते. मोकळ्या मनाने शिकवायला माणसाच्या पायाखाली थोडी तरी घट्ट जमीन लागते.

नेतृत्व म्हटले की आपल्याकडे जनरल आठवतात. मला हा टॉर्चवाला आठवतो, आणि आमच्या कंपूची एक जुनी गोष्ट. १८०३ मध्ये इंग्रजांशी जुंपली तेव्हा शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेरों नावाचा फ्रेंच होता, महादजींसाठी ही फौज उभारणाऱ्या द बॉयनच्या जागी आलेला. प्रसंग आला आणि पेरों इंग्रजांकडे निघून गेला. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून पगाराची हमी दिली होती, त्यामुळे बरेच युरोपियन अधिकारीही गेले. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला उरलेल्या पलटणी या अधिकाऱ्यांशिवाय इंग्रजांच्या जनरल लेकसमोर उभ्या राहिल्या. हरल्या. पण संगिनींनी भोसकले जाईपर्यंत गोलंदाज तोफांवरून हटले नाहीत, हे खुद्द लेकने लिहून ठेवले आहे. त्या दिवशी पलटणी कुणी धरून ठेवल्या? इतिहासात त्या सुभेदार-हवालदारांची नावे शोधून सापडत नाहीत. वर्षानुवर्षे एका निशाणाखाली जेवलेली माणसे होती ती, काहींनी १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढायाही पाहिल्या असतील.

गैरसमज नको, मी अग्निपथ योजनेचा वैरी नाही. फौज तरुण हवी, हे पटते. कारगिलमध्ये सोळा-सतरा हजार फुटांवरचे कडे चढायला छाती विशीतलीच लागते, चाळिशीतला सुभेदार तिथे धापा टाकतो, आणि हे मी अनुभवाने सांगतो. मोबाईल आणि ड्रोन ही पोरं आमच्यापेक्षा दहापट लवकर शिकतात, हेही खरे. शिवाय कोविडच्या दोन वर्षांत भरतीच झाली नव्हती. माझ्या मैदानावरची किती पोरं वयात बसेनाशी झाली ते मी पाहिले आहे. २०२२ ला सेहेचाळीस हजारांची भरती निघाली तेव्हा काहीतरी सुरू झाले म्हणून मलाही बरेच वाटले होते.

पण आठातले दोन फार कमी. निदान चार ठेवा. उद्याचे नाईक आणि हवालदार या पोरांतूनच निघायचे आहेत. निवड जितकी अरुंद तितके 'परीक्षा होऊन जाऊ दे' वाढत जाणार. आणि जे ठेवायचे ते कशावर, हे पोरांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या कंपनीत उभे करून सांगा. आज ते सगळे ऐकीव गोष्टींवर जगतात: कुणी म्हणतो फायरिंगचे गुण धरणार, कुणी म्हणतो खेळाडूंना आधी घेणार, कुणी म्हणतो साहेबांची मर्जी. माझे ऐकाल तर गुणपत्रिकेत आणखी एक रकाना घाला. याच्या बडीचे गुण वर्षभरात किती वाढले? ते वाढले असतील तर दोघांनाही गुण द्या. मग बघा नकाशा कसा रात्री दोन वाजता शिकवला जातो.

घरी येणाऱ्यांना अकरा लाख एकाहत्तर हजारांच्या आसपास सेवानिधी मिळेल, त्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला. निमलष्करी दलांत दहा टक्के जागा राखीव म्हणून २०२२ मध्येच जाहीर झाले. सीमा सुरक्षा दलाची अकादमी तर आमच्या टेकनपूरलाच आहे, पोरं रोज तिच्यावरून बसने जातात. तिथे कधी, कसे घेणार, हे त्यांच्या हातात कागदावर द्या.

आणखी एक, हे लिहिताना हात जड होतो. ड्यूटीवर अग्निवीर गेला तर घरच्यांना अठ्ठेचाळीस लाखांचा विमा आणि चव्वेचाळीस लाखांची मदत मिळते, पण कुटुंब पेन्शन नाही. शेजारच्या बंकरमधला कायम जवान गेला तर त्याच्या घरी पेन्शन येते. गोळी दोघांत फरक करत नाही. या कुटुंबांना इतर जवानांइतकेच मिळावे, असे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही सुचवले आहे. यावर मला जास्त काही लिहायचे नाही, आपण जाणता.

२०२२ च्या अखेरीस ट्रेनिंगला गेलेल्या पहिल्या पोरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरू लागतात. भाच्याची पाळी त्यांच्यानंतर. परवा त्याला स्टेशनवर सोडायला गेलो होतो. बहिणीने चिवड्याचा डबा दिला, बरॅकीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा. गाडी सुटताना मी खिडकीतून पुन्हा नकाशाचे काढले. नुसता हसला. पुढची रजा दिवाळीत आहे म्हणतो. तोवर मंत्रालयाकडून काही ठरले तर दोन ओळी कळवाव्यात, म्हणजे त्याला सांगता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
कंपू, लष्कर, ग्वाल्हेर