खोदण्याआधी केबलची चौकशी व्हावी

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाटण तालुक्यातल्या एका गावाजवळ रस्त्याकडेची चर काढताना जेसीबीच्या बकेटमध्ये ऑप्टिकल फायबरची केबल आली आणि तुटली. तीन गावांतले मोबाइल मुके झाले. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन चालेना, म्हणून एक आजी रिकामी पिशवी घेऊन दोनदा परत गेल्या. जो तो म्हणत होता, "टॉवर बिघडलाय." टॉवर ठणठणीत होता. त्याच्यापर्यंत येणारी केबल तुटली होती.

मी 34 वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो, त्यातली शेवटची पंधरा फायबरवर काढली. म्हणून हे पोटतिडकीने लिहितो आहे. मोबाइलचं बिनतारीपण हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतच असतं. तिथून पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचेच्या तंतूतून होतो. बरेच टॉवर डोंगरावरून डोंगरावर मायक्रोवेव्हच्या डिशने जोडलेले असतात, पण त्यांना मधे आडोसा चालत नाही, वरच्या फ्रिक्वेन्सीला आमच्याकडचा मुसळधार पाऊस सोसत नाही आणि फायबरइतका डेटाही पेलत नाही.

आमच्या उमेदीत तांब्याच्या केबली होत्या. शेजारच्या जोडीवरचं बोलणं आपल्या जोडीत उतरू नये म्हणून दोन तारांना पीळ दिलेला असे. पाणी अडवायला आत जेली भरलेली केबल उघडली की हाताचा वास दोन दिवस जात नसे. पहिल्याच पावसात सांध्यात पाणी शिरे आणि लायनी खरखरू लागत. वीज कडाडली की एक्स्चेंजची काळजी. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे ती धास्ती गेली. तिच्या जागी जेसीबीची आली.

त्या संध्याकाळी छत्री घेऊन मी जॉइंटवर जाऊन उभा राहिलो. ताडपत्रीखाली पंचविशीतला एक पोरगा बसला होता. केबल 24 फायबरची. बकेटने ती ओढून ताणली होती, म्हणून मधे नवा तुकडा टाकावा लागला. म्हणजे दोन सांधे आणि 48 जोड. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा रंगावरून तंतू ओळखायचा, वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने सरळ कापायचा आणि मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. मग ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. तंतू 125 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला प्रकाश नेणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा कण बसला तरी जोड पुन्हा करायचा. पडद्यावर 0.02 डीबी, म्हणजे जोडात प्रकाशाची अगदी नगण्य घट, दिसली की पोरगा मान हलवी आणि पुढचा तंतू उचली. शेवटचा जोड रात्री साडेदहाला झाला.

आमच्या खात्याचा नियम 1.65 मीटर खोलीचा. पण कातळ लागला की केबल वरच राहते, आणि रुंदीकरणात कडेची माती निघाली की आणखी उघडी पडते. केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं आहे. खोदायची जागा त्यात कळवली की तिथल्या केबल-पाइपवाल्यांना सूचना जाते. जेसीबीवाल्याला विचारलं, तर त्याने नावही ऐकलं नव्हतं. मी त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रस्त्याच्या कार्यादेशातच ही अट घालावी आणि सूचना दिल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. केबलच्या मार्गाचा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. मार्ग दाखवणारे दगड गवतात आणि भरावात गडप झाले आहेत, ते पुन्हा उभे करावेत. माझ्यासारखे निवृत्त जॉइंटर बऱ्याच गावांत आहेत. जुनी केबल कुठल्या वडाजवळून वळली, कुठल्या मोरीच्या उजवीकडून गेली, हे आम्हाला अजून पाठ आहे. खोदण्याआधी हाक मारा, जागा दाखवायला आम्ही येऊ.

– एक निवृत्त केबल जॉइंटर, ता. पाटण, जि. सातारा