निवास आदेश मागायचा राहून जातो

संपादक महोदय,

ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांच्या कारकिर्दीवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मेरी रॉय (१९८६) आणि गीता हरिहरन (१९९९) हे खटले त्यात सविस्तर आले. मात्र ज्याच्या मसुद्यासाठी त्यांनी व ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेने खपून काम केले, त्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची एका ओळीत बोळवण झाली. तालुक्याच्या न्यायालयात रोज कामी येतो तो हाच!

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या या कायद्यानुसार राहते घर पीडित स्त्रीच्या नावावर नसले, तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. सासूच्या नावावरचे घर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या बत्रा खटल्यातील निकालाने यातून वगळले होते. ती चूक सर्वोच्च न्यायालयानेच २०२०मध्ये दुरुस्त केली.

अडते ते अर्जातच. नमुना २ भरताना पोटगीचा आकडा लिहिला जातो, कलम १९चा निवास आदेश, म्हणजे तिला घरात राहू देण्याचा आदेश, मागायचा राहतो. नमुना ३मधले प्रतिज्ञापत्र सोबत नसले, की एकतर्फी अंतरिम आदेश (समोरच्याला ऐकण्याआधी मिळणारा तात्पुरता आदेश) अडतो. मग आधी नोटीस, नंतर तारखा. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असे कलम १२ सांगते, हे कोणाच्या गावीही नसते. तोवर दाराला नवे कुलूप लागलेले असते.

आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला विनामूल्य जायला हवी (कलम २४). ती गेली का, हे वकिलाने त्याच आठवड्यात ठाण्यात जाऊन पाहावे.

— एक वाचक, सातारा