निळा पंप महिन्यात संपतो तेव्हा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की दम्याचा निळा पंप महिनाभरात संपतो, आणि सकाळ-संध्याकाळचा दुसरा तू बंदच केलास, कारण त्यात स्टेरॉईड असतं आणि त्यानं तोंड सुजतं असं मैत्रीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुझी टेस्ट होती, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. पण ते डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, रोज हेच ऐकतो. पोटच्या पोरीकडून ऐकलं की मात्र जीव खालीवर होतो.

आधी हिशोब बघ. तुझ्या निळ्या पंपात, म्हणजे अस्थालिनमध्ये, 200 फवारे असतात. तो महिन्यात संपतो म्हणजे तू रोज सहा-सात फवारे घेतेस. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा त्याची गरज पडली तरी दमा आटोक्यात नाही असं डॉक्टर धरतात. वर्षाला तीन पंप लागले तरी मोठ्या ॲटॅकचा धोका वाढतो, आणि वर्षाला बारा लागणाऱ्यांत मृत्यूचंही प्रमाण जास्त दिसलेलं आहे. तुला घाबरवायला नाही लिहीत माय, पण हे तुझ्यापासून लपवणारही नाही.

तुझ्या बायोलॉजीत श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आलेच असतील. दम लागतो तेव्हा बटव्याची नाडी ओढावी तसे ते नळीभोवती आवळतात. निळ्या पंपातलं सॅलब्युटामॉल त्या स्नायूंवरच्या बीटा-2 ग्राहींना जाऊन चिकटतं आणि नळी सैल पडते. काही मिनिटांत घरघर थांबते, चार-सहा तास बरं वाटतं. हात थरथरतात, छाती धडधडते, तेही त्याच औषधामुळे. थोड्या वेळानं शमतं. पण नळीच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, चिकट कफ साचलेला असतो, त्याला हे औषध हातही लावत नाही. ती सूज उतरवतो तो तू बंद केलेला पंप. श्वास मोकळा झाल्यानं तुला वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत सूज वाढतच राहते. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही हेच आहे की मोठ्या माणसांनी नुसत्या सॅलब्युटामॉलवर राहू नये.

राहिलं स्टेरॉईड. तोंड सुजतं ते जास्त दिवस मोठ्या डोसच्या गोळ्या खाल्ल्यावर. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट नळीत जातो. घसा बसू नये, जिभेवर पांढरा थर येऊ नये म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, बस.

आपल्याकडे लोक पंपाला भितात. 'सवय लागते' म्हणतात आणि डेरिफायलिन नाहीतर सॅलब्युटामॉलची गोळी मागतात. सॅलब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध, तेही अंगभर फिरणारं! डेरिफायलिनचं तर आणखी नाजूक: डोस जरा जास्त झाला की मळमळ, धडधड, झोप उडणं, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक सोबत आलं की रक्तातलं प्रमाण वाढतं. तुझी आजी अजून म्हणते, मृगाला पोरीला हैदराबादला नेऊन तो दम्याचं औषध भरलेला मासा गिळव. तिची माया मला कळते, पण त्या माशानं दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्याच्या भरवशावर पंप सोडायचा नाही.

आता परीक्षेचं एक. छाती धडधडू नये म्हणून पोरं एकमेकांना प्रोप्रानोलॉलची गोळी देतात. तू ती कधीही घ्यायची नाहीस. सॅलब्युटामॉल ज्या बीटा ग्राहींवर काम करतं, तेच ही गोळी अडवते; नळ्या आवळतात आणि वर पंपही नीट लागू पडत नाही. डोकं दुखलं तर कुणाकडूनही आयबुप्रोफेन घेऊ नकोस, काही दमेकऱ्यांना त्यानं ॲटॅक येतो. पॅरासिटामॉल चालेल.

रूममेटपासून पंप लपवतेस हेही कळलं. तिला उलट दाखवून ठेव. रात्री दम लागला तर तीच जवळ असणार. स्पेसर, म्हणजे पंपाला पुढे लावायची प्लास्टिकची नळी, पाठवतोय, तो वापर. त्याशिवाय मारलेला निम्म्याहून जास्त फवारा जिभेवर आणि घशातच राहतो. पंप हलव, श्वास पूर्ण सोड, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिट, एकच फवारा दाब, सावकाश ओढ, दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धर. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू दे, फडक्यानं पुसू नकोस. पुसला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. फवारे घेऊनही उतार पडेना, एक वाक्य सलग बोलवेना, तर वॉर्डन मॅडमना उठवायचं आणि 108 ला फोन. सकाळची वाट बघायची नाही.

या आठवड्यातच तिथल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घे, मी येतो. सूज उतरवणारं स्टेरॉईड बुडेसोनाईड आणि नळी उघडणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप तुला चालेल का, हे त्यांना विचारायचंय. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच नळी उघडतं आणि बारा तास टिकतं, आणि दर फवाऱ्यासोबत सुजेचं औषधही थेट नळीत पोचतं. तोवर बंद केलेला पंप आज रात्रीपासून सुरू कर. दिवाळीला आलीस की सोयाबीनची रास चालू असेल, त्या भुशात तुला खळ्यावर फिरकू देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझे,
पप्पा